दुकान वाढवायचंय

काकू फळीवरून तोल सांभाळत दुकानापाशी पोचल्या, तेव्हा आतून घणाचे आवाज येत होते. समोरचा रस्ता खणून ठेवला त्याला वर्ष होत आलं होतं. एवढा मोठा खड्डा एकुलत्या एका फळीवरून ओलांडून फोटोला फ्रेम करून घ्यायला यावं, एवढी हौस कुणाला उरली नव्हती.

शटर अर्धं वर होतं. काकू वाकून आत शिरल्या आणि जागीच थिजल्या. मागच्या भिंतीला माणूस जाईल एवढं भगदाड पडलं होतं. धुळीने माखलेला मिस्त्री विटा एका बाजूला रचत होता, आणि चेहरा असा की आता शाबासकीच मिळायची बाकी आहे.

"अहो, हे काय करून ठेवलंत?"

"तुम्ही सांगितलंत तेच, वहिनी. दुकान वाढवायचंय म्हणालात ना काल? इथे पूर्वी खिडकी होती, मीच बुजवली होती. म्हटलं, इथूनच सुरुवात करू."

काकूंनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या होत्या, अगदी तसंच म्हणाल्या होत्या. किल्ली हातात देऊन, डोळे भरून यायच्या आत घाईघाईने निघाल्या होत्या. भिंतीतले खिळे उपसायचे, भोकं बुजवायची, पाटी उतरवायची आणि लेकीकडे राहायला जायचं, असा सगळा बेत होता. पण दुकानाच्या बाबतीत 'बंद' हा शब्द सासऱ्यांनी घरात कुणाला काढू दिला नव्हता. रोजचं कुलूप लावायचं तरी दुकान 'वाढवायचं'. इतक्या वर्षांत जिभेला तेच वळण पडलेलं. कायमचं आवरायची वेळ आली तरी तोंडातून तोच शब्द निघाला.

"अहो मिस्त्री, वाढवायचं म्हणजे..." काकू अडखळल्या. "म्हणजे वाढवायचं हो! दुकानदार म्हणतात तसं!"

मिस्त्रीच्या हातातली वीट हातातच राहिली. "म्हणजे कायमचं बं..."

"शब्द काढू नका!"

"पण वहिनी, त्याला गवंडी कोण बोलावतं? त्याला कुलूप पुरतं." तो विटांच्या ढिगावर मटकन बसला. "मला वाटलं, सगळा बाजार रडतोय आणि आमच्या वहिनी दुकान वाढवतायत. म्हटलं, छाती आहे बाईची! चहावाल्याला सांगितलं, शिंप्याला सांगितलं. शिंपी तर म्हणाला, त्या वाढवतायत तर मीही आणखी थोडी कळ काढतो."

काकूंना हसावं की रडावं कळेना. त्या शिंप्याने मागच्याच आठवड्यात मशीन विकायला काढलं होतं.

भगदाडातून ऊन थेट आत आलं होतं. भिंतीवरच्या रिकाम्या सोनेरी फ्रेमा अशा चकाकत होत्या की काकूंना आपलंच दुकान ओळखू येईना. पलीकडे मागची गल्ली माणसांनी वाहत होती. पुढचा रस्ता खणल्यापासून सगळी रहदारी तिकडून जायची. काकूंना ते ठाऊक होतं, पण दुकानाची पाठ तिकडे. वर्षभर त्या नुसता गोंगाट ऐकून बोटं मोडत बसल्या होत्या.

तेवढ्यात भगदाडातून एक डोकं आत आलं. "फ्रेम करून मिळेल का हो? की दुकान बंद आहे?"

"बंद?" काकू एकदम ताठ झाल्या. "कोण म्हणतं बंद? या की आत. विटा सांभाळून."

माणूस आला. त्याने पिशवीतून आपल्या छोट्या लेकीने काढलेलं चित्र जपून बाहेर काढलं.

"छान आहे हो. घोडा ना?"

"बस आहे. शाळेची."

"तेच म्हणते, चाकं अगदी हुबेहूब आहेत," काकू म्हणाल्या आणि माप घ्यायला बसल्या. मिस्त्रीने हसू लपवायला तोंड फिरवलं. पाठोपाठ आणखी एक बाई डोकावल्या, मग 'आत काय आहे' एवढंच बघायला दोघं.

दुपारी जरा उसंत मिळाल्यावर मिस्त्री म्हणाला, "सुतार बोलावू का, वहिनी? दाराला चौकट लागेल."

"चौकटीला सुतार?" काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आणि तोही माझ्या दुकानात?"

कोपऱ्यात सगळ्यात रुंद सोनेरी पट्टी कधीची उभी होती. एवढी मोठी फ्रेम आजवर कुणी मागितलीच नव्हती. काकूंनी पदर खोचला, भगदाडाचं माप घेतलं आणि करवत चालवली. कोपरे असे जुळवले की नख शिरू नये. मिस्त्रीने कडा सारख्या करून दिल्या आणि दोघांनी मिळून ती भलीमोठी चौकट ठोकून बसवली. गल्लीतली माणसं थांबून बघायला लागली. कॉलेजच्या दोन मुली तर तिच्यात उभ्या राहून एकमेकींचे फोटो काढू लागल्या.

"छापून आणा गं," काकूंनी आतून हाक दिली. "फ्रेम करून देते!"

दिवे लागले तेव्हा काकूंच्या हातांना करवतीने फोड आले होते आणि सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. पण असं मस्त वाटून वर्ष उलटलं होतं. तेवढ्यात लेकीचा फोन आला. सकाळपासून धीर गोळा करून केलेला असावा, आवाजच सांगत होता.

"आई... वाढवलंस का गं दुकान?"

"वाढवलं."

लेकीने आवाज आणखी हळू केला. "फार जड गेलं का?"

"मागच्या गल्लीपर्यंत वाढवलं," काकू म्हणाल्या. "ठेव आता, गिऱ्हाईक खोळंबलंय."