साफ आवाज

देवमननं नवा ॲम्प्लिफायर गोपीचंदच्या दुकानात टेबलावर ठेवला आणि पिशवी बाजूला फेकली.

"ही मशीन वापस घ्या, शेठ. माही जुनी द्या मले."

शेलूबाजारहून कारंज्यापर्यंत एसटीत त्यानं ती मांडीवरच धरली होती. सोबत बायको होती, पंचफुला. दोघांची गायनपार्टी होती. तो पेटी वाजवायचा, ती गायची. परवा जयंती होती.

"काहून? काय झालं?" गोपीचंदनं विचारलं.

"काल वस्तीत लावली. हिनं तोंड उघडलं, अन् पोरी हसल्या. आजवर कोनी हसलं नवतं."

गोपीचंदनं मागच्या फळीकडे बोट दाखवलं. नवीच्या बदल्यात दिलेल्या जुन्या मशीनचा पत्र्याचा डबा तिथं पडला होता. आतले काचेचे व्हॉल्व्ह एका टुरिंग टॉकीजवाल्यानं नेले होते, बाकीचं भंगारात गेलं होतं. देवमननं डबा खाली काढला, आत हात घालून चाचपलं.

"जोडा ना. होतं तसं जोडा."

"कायले जोडू, देवमन? काय उरलं त्याच्यात?"

गोपीचंदनं नवी मशीन सुरू केली, माईक पंचफुलाच्या हातात दिला. "म्हना बाई. पाहू दे, काय बिघाड हाय."

पंचफुलानं पदर सावरला आणि एक ओळ म्हटली. वरच्या सुरावर आवाज चिरला. खाली येताना दम तुटला. दारावरच्या भोंग्यानं ते सगळं जसंच्या तसं रस्त्यावर नेलं. समोरचा पानवाला वळून पाहू लागला.

गोपीचंदनं मशीनमधून माईकची वायर काढली.

"आता अशीच म्हना."

तिनं तीच ओळ म्हटली. आवाज तिथंच चिरला.

पंचफुला हातातल्या माईककडे पाहत राहिली. मग तिनं तो टेबलावर अलगद ठेवला.

"मशीन चांगली हाय, वो," ती देवमनला म्हणाली. "जुनी मले झाकत होती."

"काई बी बोलू नको!" देवमन ओरडला. त्यानं स्वतःच वायर पुन्हा खोचली. "शेठ, परवा जयंती हाय. लोकं हिलेच बलावतात. दुसरा भोंगा लावून पाहा. दुसरा माईक द्या. काईतरी करा, मी तुमच्या पाया पडतो."

देवमन मशीनवर वाकला. एक बटण इकडे, दुसरं तिकडे. भोंगा घुमला, किंचाळला, पुन्हा घुमला. पंचफुला केव्हाच पायऱ्या उतरून रस्त्यावर गेली होती, गळ्यावर हात ठेवून उन्हात उभी होती.

"आता म्हन," मान वर न करता देवमन म्हणाला. "आता बरोबर येते, पंचफुले. म्हन."