चंद्रावरचं बरड

"डोळा इथं लावा, बाबा," साधना म्हणाली.

नत्थुजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आधी नुसतं धुकं दिसलं. लेकीनं बाजूचं चाक जरासं फिरवलं आणि नत्थुजी जागीच थिजले. आत निळं होतं, नारिंगी होतं, पिवळंजर्द होतं. रंगांचे तुकडे एकमेकांत रुतून बसले होते. त्यांच्या मधून करड्या-पांढऱ्या काड्या आडव्यातिडव्या गेल्या होत्या.

"काय हाये हे?"

"तुमच्या बरडातला दगड. दिवाळीले मी नेला होता ना? त्याचा कागदासारखा पातळ काप केला."

नत्थुजींना खरं वाटेना. त्या दगडांना ते नऊ वर्षं शिव्या देत आले होते. वडील गेल्यावर वाटणी झाली तेव्हा नाल्याकाठचं काळंभोर वावर थोरल्या भावानं, सूर्यभाननी घेतलं. वरचं दगडाचं बरड नत्थुजींच्या वाट्याला आलं. नत्थुजी तेव्हा काही बोलले नाहीत, आणि त्यानंतर भावाशी कधीच बोलले नाहीत. दर उन्हाळ्यात ते दगड वेचायचे. दर पावसाळ्यात जमिनीतून नवे दगड वर यायचे. धुऱ्याच्या बांधापलीकडे भावाची कपाशी छातीला लागायची. आई गेली तेव्हा दोघांनी तिरडीला खांदा दिला, एक डावीकडून, एक उजवीकडून. एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही.

साधना अकोल्याच्या कृषी विद्यापीठात मातीचं शास्त्र शिकत होती. तिनं प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरवर एक फोटो उघडला. तेच रंग, त्याच काड्या.

"हाबी माह्याच वावरातला," नत्थुजी म्हणाले.

"नाही बाबा. हा चंद्रावरून आणला हाये."

नत्थुजींनी फोटो पाहिला, मग पुन्हा सूक्ष्मदर्शकात पाहिलं, मग पुन्हा फोटो. काळा दगड फोडून जन्म गेला होता त्यांचा. फरक असता तर त्यांना कळला असता.

साधना सांगत गेली. चंद्रावर जे काळे डाग दिसतात, तिथं कधीकाळी जमिनीतून वितळलेल्या दगडाचा रस उसळला, पसरला आणि थिजला. वऱ्हाडातही तसंच झालं. पण इथं त्या दगडावर साडेसहा कोटी वर्षं पाऊस पडला. दगड कुजला, त्याची माती झाली. चंद्रावर तोच दगड तीनशे कोटी वर्षांपासून कोरडा पडून आहे.

"अन् तिथं पाऊस पडला असता तं?" नत्थुजींनी विचारलं.

हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता.

"हवा असती, पाणी असतं, झाडझुडूप असतं," ती हळूहळू म्हणाली, "तं ते डाग म्हणजे काळी जमीन झाली असती, बाबा. इथून वर पाहिलं की कपाशीचं वावर दिसलं असतं."

"अन् खालचं वावर? तुह्या मोठ्या बाबाचं?"

"ते बरडाचंच हाये. पावसानं वरचं झिजवलं अन् खाली नेऊन टाकलं."

अमरावतीच्या बसमध्ये नत्थुजींना खिडकीजवळची जागा मिळाली. मनातल्या मनात ते एकच वाक्य घोळवत होते. 'तुह्या वावरातली माती माही हाये.' नऊ वर्षांनी त्यांच्या हाती असं वाक्य लागलं होतं. आज धुऱ्यावर उभं राहून ते भावाच्या तोंडावर मारायचं होतं.

मूर्तिजापूर मागं पडलं. उन्हं कलली. समोरच्या काचेतून आभाळात अर्धा चंद्र दिसला, दिवसाउजेडी, धुतलेल्या कापसासारखा. त्यावरचे डाग नत्थुजींनी लहानपणापासून पाहिले होते. आज ते पाहता पाहता त्यांच्या अंगावर काटा आला. केवढी जमीन, आणि तिच्यावर एक थेंब पडला नाही. तीनशे कोटी वर्षांत कोणी तिथं पेरलं नाही. कोणी भांडलंही नाही.

अमरावतीत बस बदलून ते वलगावला उतरले आणि घरी न जाता तडक वावराकडे गेले. दिवस बुडायला आला होता. खालच्या वावरात हरभरा घाट्यावर आला होता. सूर्यभान नेहमीसारखे धुऱ्यावर बसले होते. पाठ आता पार वाकली होती. नत्थुजी जवळ जाऊन उभे राहिले. बसमधलं वाक्य जिभेवर आलं आणि तिथंच विरघळलं.

"दादा," ते म्हणाले, "ते चंद्रावरचे काळे डाग दिसतात का तुले?"

सूर्यभाननी वळून मागं पाहिलं. दुसरंच कोणी आलं असावं आणि हा त्याच्याशी बोलत असावा, असं त्यांना वाटलं. मागं कोणी नव्हतं. मग त्यांनी कपाळावर हात धरून वर पाहिलं.

"दिसतात."

"ते आपल्या बरडासारखंच हाये. तोच दगड. साधनानं दाखवला." नत्थुजी खाली बसले. दोघांत हातभर अंतर होतं. "तिथं फक्त पाऊस पडला नाही. पडला असता तं तिथंबी वर बरड अन् खाली काळं वावर झालं असतं."

सूर्यभाननी कपाळावरचा हात खाली घेतला.

"पडू दे तिथं पाऊस," ते म्हणाले. "तिथलं खालचं वावर तू घेजो, नत्थू."