कुंकू पुसणारी चिप

नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात दातार सरांनी रविवार, सणवार न पाळता फोटो स्वच्छ करणारी चिप बनवली. तिच्यातली प्रत्येक पेशी, म्हणजे फोटोतला एकेक ठिपका सांभाळणारं इवलंसं सर्किट, फक्त शेजारच्या पेशींकडे बघते आणि त्यांच्याशी न जुळणारा ठिपका डाग समजून पुसून टाकते. १९९८ साली ती एकदाची चालली, तेव्हा सरांनी पत्नीला, छायाताईंना, पहिल्यांदाच प्रयोगशाळेत आणलं आणि त्यांचाच फोटो चिपला दिला.

पडद्यावर चेहरा नितळ उमटला, पण कपाळावरचं कुंकू गेलं होतं.

सर मटकन खुर्चीत बसले. "म्हणजे पुन्हा पहिल्यापासून!"

"करा हो नीट," छायाताई दमलेल्या आवाजात म्हणाल्या.

"मला नवरा आहे, हे कॉलनीतल्या बायकांना त्या कुंकवावरूनच कळतं."