छाप कोणाची

शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या रेश्माने सासूचं, चांगुणाबाईंचं चित्र काढलं. मान बगळ्यासारखी लांब, एक डोळा समोर, दुसरा थेट कानशिलावर आणि कान सुपाएवढा. गावात सगळे म्हणाले, सुनेनं सूड उगवला. नगरच्या प्रदर्शनात मात्र त्या चित्राला पहिलं बक्षीस मिळालं.

परीक्षक माइकवरून समजावून सांगत होते, "चेहऱ्यावर आफ्रिकी मुखवट्यांची छाप आहे. डोळ्यांची मांडणी पॅरिसची. कानाचा उगम मात्र मला अजून सापडलेला नाही."

चांगुणाबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, म्हणजे टेकत होत्या आणि उठत होत्या. गावात नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, तेही वेळ न सांगता. आज नववा दिवस होता आणि घराला कुलूप होतं.

"रेश्मा, किती येळ बोलनार गं ह्यो?"

"आत्याबाई, तुमच्याबद्दलच बोलतायत."

"माझ्याबद्दल समदी माघारी बोलत्यात. ह्यालाच तोंडावर काय बोलायचं पडलंय?"

तेवढ्यात शेजारणीचा फोन आला. तिचा आवाज मागच्या तीन रांगांनी ऐकला, "अगं चांगुणे, नळ आलाय! कुठं हायेस?"

चांगुणाबाई ताडकन उभ्या राहिल्या आणि कान फोनला लावून, मान ताणून एका डोळ्याने दार, दुसऱ्याने सून शोधू लागल्या.

परीक्षकांनी एकदा चांगुणाबाईंकडे पाहिलं, एकदा चित्राकडे, आणि निकालाच्या कागदावरचं 'आधुनिक शैली' खोडून 'वास्तववादी' असं लिहिलं.