विहिरीतला दात

नांदूरघाटच्या शिवारात विहिरीचा गाळ उपसताना हाडं निघाली आणि सुंदररावांनी हंबरडा फोडला. रझाकारांनी कापून टाकलेला आपला आजाच सापडला म्हणून.

"आबा, दात कावून पाठवता तपासाला? तुमचा आजाच हाय तो," पोरगा हनुमान सारखा म्हणायचा. पण सुंदररावांना आजाचं स्मारक हवं होतं, अन् स्मारकाला पुरावा.

आज विहिरीवर आजाच्या नावानं बोकड कापला. हनुमानच्या हातातला सत्तूर ठिबकत होता, तोच प्रयोगशाळेतल्या मॅडमचा फोन आला. सुंदररावांनी तो सगळ्यांना ऐकवला.

"अणुबॉम्बच्या चाचण्यांनी हवेतला कार्बन बदलला. तेव्हापासून तो दरवर्षी मोजतात. दात घडतो त्या काळची हवा दातात राहते. हा दात दोन हजार सालच्या आसपास घडलाय; म्हणजे हा माणूस त्याच्या थोडाच आधी जन्मलेला."

चुलीवर मसाला भाजणाऱ्या शेजारच्या छबुबाईच्या हातून उलथनं गळालं. तिचा विशीतला पोरगा रविराज काही वर्षांपूर्वी गायब झाला, तेव्हा "मीच त्याला पुण्याच्या गाडीत बसवलं," असं हनुमाननंच सांगितलं होतं.

हनुमान पळाला. सुंदररावांनी त्याला केसाला धरून आडवा पाडला, छातीवर गुडघा रोवला आणि हिसकावलेला सत्तूर छबुबाईपुढं धरला.

"घे, छबुबाई. आमी बोकड चुकीचा कापला."