विश्वासातला माणूस

टेबलावरचा फोन पुन्हा थरथरायला लागला. डेल हॅगर्टी फोन करत होता. लॉवेल प्रुइटने तो पालथा घातला आणि समोरच्या अर्ध्या सँडविचकडे बघत बसला.

सकाळपासून हेच चाललं होतं. डेल त्याचा जुना मित्र, आता टॅम्पाच्या बास्केटबॉल संघाचा प्रमुख. आज संध्याकाळी नव्या खेळाडूंची निवड होती. गेल्या मोसमात ज्यांचं पार पानिपत झालं, ते संघ आधी निवडणार. लॉवेलच्या बफलोचा क्रमांक तिसरा, डेलच्या टॅम्पाचा चौथा.

फोन थांबला आणि संदेश आला. 'लेका, मेलास की काय? त्या किशॉनला घेताय का, एवढंच सांग.'

लॉवेलची बोटं शिवशिवली. त्याने कधी फोन घेतला नाही, असं या धंद्यात कुणालाच आठवत नसेल. त्याच्याकडे बातमी टिकत नसे. त्याची बायको जोआन म्हणायची, "तुला सांगण्यापेक्षा रेडिओवर दिलेलं बरं, तिथे निदान पैसे तरी मिळतील."

हिवाळ्यात बफलोचा संघ ओळीने हरत गेला, तेव्हा मालकांनी लॉवेलला प्रमुखपदावरून खाली उतरवलं आणि त्याच्या मुलीच्या वयाची कॅरिन पावलाक आणली. तिने जुनी माणसं एकेक करून काढली. लॉवेलची पाळी आली तेव्हा मात्र म्हणाली, "लॉवेल राहू देत." त्याला सल्लागार हा हुद्दा मिळाला आणि बिनखिडकीची खोली मिळाली. सल्ला कुणी विचारला नाही. तो बैठकीत शिरला की बोलणं हवापाण्यावर यायचं. तरी तो रोज वेळेवर येत होता. या खेळाशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं.

आणि मग दोन आठवड्यांपूर्वी कॅरिन स्वतः त्याच्या खोलीत आली. तिने दार लावून घेतलं.

"आपण मिलोशला घेतोय. तो सर्बियाचा उंच पोरगा. किशॉन चपळ आहे, पण आपल्या कामाचा नाही. हे तुमच्या-माझ्यातच राहू दे."

लॉवेलला भरून आलं होतं. त्या रात्री तो जेवताना इतका गप्प होता की जोआनने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

संध्याकाळी सगळे मोठ्या पडद्यासमोर जमले. पहिलं नाव अपेक्षेप्रमाणेच लागलं. मग निवेदकाने मध्येच कागद हातात घेतला. टॅम्पाने दुसऱ्या क्रमांकाच्या संघाला आपली चौथी निवड आणि पुढच्या वर्षीची पहिली निवड देऊन त्याची जागा पदरात पाडून घेतली होती. टॅम्पाची निवड, किशॉन.

कुणीतरी शिवी हासडली. कुणीतरी खुर्ची मागे ढकलली. कॅरिनने डोळे मिटून घेतले.

लॉवेलला कळेना. मिलोश तर अजून शिल्लक होता. मग सगळ्यांची तोंडं का उतरली? नक्कीच काहीतरी बाहेर फुटलं असणार. आणि फुटलं म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर कुणाचं नाव येणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो उठून उभा राहिला.

"कॅरिन, माझ्याकडून एक शब्द गेलेला नाही. शपथ घेऊन सांगतो. डेल दिवसभर फोन करत होता. मी एकही उचलला नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही. शेवटी त्याने लिहिलं, 'तू आणि गप्प? म्हणजे किशॉनच घेताय तुम्ही.' मी त्यालाही उत्तर दिलं नाही."

एकाने मान खाली घातली. कॅरिन लॉवेलकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"लॉवेल," ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही त्याला मिलोशचं नाव सांगाल, म्हणूनच तर तुम्हाला ठेवलं होतं."