विनाकारण ब्रेक

शेजारच्या सीटवर बसून "ब्रेक! अहो, ब्रेक!" असं कानाशी कोकलत मास्तरांनी अर्ध्या शहराला गाडी शिकवली होती. आणि आता पुढच्या गाडीला मागून ठोकल्याबद्दल दंडाची पावती खुद्द मास्तरांच्याच हातात! बंपर चेपला ते एक वेळ चालेल, पण ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीचं नाक कापलं गेलं त्याचं काय? मास्तर तणतणत कोर्टात गेले.

"साहेब, रस्ता अगदी मोकळा होता. सिग्नल नाही, खड्डा नाही, साधं कुत्रंसुद्धा आडवं आलं नाही. मी आपला नीट मागून येत होतो, आणि या बाईंनी उगाच करकचून ब्रेक मारला! अहो, यांना गाडी शिकवली तरी कोणी?"

न्यायाधीश बाईंकडे वळले. "खरंच काही आडवं आलं नव्हतं?"

"नाही, साहेब."

"मग ब्रेक कशाला मारलात?"

बाई ओशाळल्या. मास्तरांकडे बघायचं टाळत हळूच म्हणाल्या,


"यांच्याकडेच शिकलेय मी, साहेब. सहज आरशात पाहिलं, मागे यांचा चेहरा दिसला, आणि पाय आपोआप ब्रेकवर गेला."